मिशन कंपाउंड: भिंतीच्या आतले आणि बाहेरचे गैरसमज

जालना, मिरज, सातारा, अहिल्यानगर अशा गावांत जुनं मिशन कंपाउंड अजूनही चटकन ओळखू येतं. दगडी चर्च, पाळकसाहेबांचा बंगला, शाळा, कधीकाळचा दवाखाना आणि ह्या सगळ्याभोवती भिंत. ती उगाच बांधलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्यापैकी अनेकांचं गावातलं पाणी तुटलं, काम तुटलं, सोयरिकी तुटल्या. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी बेथेल नावाची वेगळी वसाहतच वसवली. पुढे गरज ओसरली, भिंत राहिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना समजुती साचत गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आतलं सगळं विलायती आणि गोठलेलं. आतल्याला वाटतं, वाडवडिलांनी घालून दिलेल्या क्रमातलं एक गीत मागेपुढे झालं तरी विश्वास डळमळेल. म्हणजे एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: ख्रिस्ती मंडळी बदलत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. एवढ्या छोट्या समाजाविषयी इतके ठाम ग्रह असावेत ह्याचं नवल वाटतं. त्यातले काही इथे तपासतो. सगळ्यांना सारखी जागा देणार नाही, कारण सगळ्यांची तेवढी लायकी नाही.

गैरसमज: देशी पद्धतीची उपासना हे अलीकडचं खूळ आहे

हे खूळ असेल तर ते चारशे वर्षांचं आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले. साष्टीत काम करताना ते इथली भाषा इतकी शिकले, की १६१६ मध्ये रायतूरला त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळपास ११ हजार ओव्या. आदामापासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा, आणि ती मराठी संतांनी घराघरांत रुजवलेल्या छंदात. देवनागरीचे खिळे हाताशी नसल्यामुळे पुस्तक छापलं रोमन लिपीत. त्यामागची निकड आतून आलेली होती: नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं बंद झाली होती, तर मग ऐकायला-वाचायला दुसरं पुराण द्या, अशी त्यांचीच मागणी होती.

त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावं. स्टीफन्स यांना जाऊन तेव्हा ६५ वर्षं झाली होती. चर्चने इथली संस्कृती आपलीशी केली असं म्हणणारे ख्रिस्तपुराण पुढे करतात, चर्चने ती मोडली असं म्हणणारे हे फर्मान आणि गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. पुरावा दोघांकडेही आहे. मला त्यातून एवढंच दिसतं की जुळवून घेणं हा कुठल्या धर्माचा जन्मजात गुण किंवा दोष नव्हे. प्रत्येक पिढीत कुणीतरी तो निर्णय घेतं, आणि पुढची पिढी तो फिरवूही शकते.

घाटावर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) त्यांचं ठाणं झालं. सुरुवातीची मराठी ख्रिस्ती गीतं म्हणजे बहुतेक विलायती चालींवर बसवलेले मराठी शब्द. ऱ्हस्वदीर्घाचे हाल व्हायचे आणि गाणाऱ्याच्या गळ्याचेही. मग कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तन हाती घेतलं. कीर्तनातल्या टाळांच्याच ठेक्यावर ख्रिस्तकथा उभी राहिली. गावात जो माणूस प्रवचनाला थांबला नसता, तो कीर्तनाला बसायचा.

ह्या धारेला पूर आला नारायण वामन टिळकांच्या काळात. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेला, संतवाङ्मयावर पोसलेला हा कवी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांनी लिहिलेले अभंग, पदं, भजनं ‘उपासना संगीत’ ह्या पुस्तकात आहेत, आणि दर रविवारी मराठी मंडळ्यांत ती गायली जातात. ज्या आजींना ‘जुन्या चाली बदलू नका’ असं वाटतं, त्या ज्या चाली गातात त्या एकेकाळी नव्या होत्या, आणि परकी चाल बाजूला सारून आल्या होत्या.

पण टिळक तिथे थांबले नाहीत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छिणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, अशा दोन्ही माणसांना तिथे जागा होती. मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. मंडळीने टिळकांची गाणी ठेवून घेतली, दरबार मात्र सोडून दिला. चाल बदलायला फारसं काही गमवावं लागत नाही. दार कोणासाठी उघडं ठेवायचं हे ठरवताना गमवावं लागतं. पुढच्या बहुतेक गैरसमजांची मुळं मला इथेच सापडतात.

गैरसमज: समई लावली, आरती ओवाळली, की भारतीयीकरण झालं

कॅथलिक चर्चमधला मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आणला. ही परिषद १९६२ ते १९६५ चालली. ४ डिसेंबर १९६३ ला उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर झाला आणि लोकभाषेतल्या मिस्साला वाट मिळाली. तोवर वसईच्या शेतकऱ्याचा मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा. तो जपमाळ ओढत बसायचा आणि घंटा वाजली की गुडघे टेकायचा. पुढे एप्रिल १९६९ मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने मान्यता दिली: पायताणं बाहेर काढून जमिनीवर बसणं, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून वाकणं, पंचांग प्रणाम, मेणबत्तीच्या जागी तेलाचा दिवा, थाळी, आरती, अंगवस्त्र.

विरोध झाला, आणि तो बाहेरच्यांकडून कमी, आतल्यांकडून जास्त. शहरांतल्या अनेक कॅथलिकांना हे मूर्तिपूजेकडे परत जाणं वाटलं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एक जग सोडून दुसरं पत्करलं होतं, त्यांना ‘आता पहिलं थोडंसं परत घ्या’ असं वरून सांगितलं जात होतं. त्यांचा राग मला अगदीच अनाठायी वाटत नाही.

त्याहून खोल आक्षेप पुढे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी घेतला. अहमदनगर आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार आणि मांग. त्यांच्यासाठी संस्कृत श्लोक, भगवं अंगवस्त्र, आश्रमाची शांतता ही ‘आपली’ संस्कृती कधीच नव्हती. ज्या देवळाच्या पायरीशी त्यांना अडवलं, त्याच देवळाचा साज आता चर्चमध्ये आणून ‘हे तुमचं भारतीयत्व’ असं म्हणणं त्यांना विचित्र वाटलं तर दोष कोणाचा? हलगी, डफ, जात्यावरच्या ओव्या, जलसा हे सगळं बारा बदलांच्या यादीत नव्हतं. १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या अनुभवातून ईश्वरशास्त्र मांडण्याची हाक दिली आणि तिथून दलित ईश्वरशास्त्राचा प्रवाह सुरू झाला, तो नेमक्या ह्या प्रश्नावर. संस्कृतीशी जुळवून घ्या, हे ठीक आहे. पण कोणाच्या?

ज्यांनी कोणाचीही परवानगी मागितली नाही असेही लोक आहेत. मुंबई-ठाण्याच्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आगेरा होतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला येतात. पोर्तुगीज आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, मग इंग्रज आले, आणि ह्या सगळ्यातून ही माणसं ख्रिस्तीही राहिली आणि कुणबी-कोळी रीतीही त्यांनी सोडल्या नाहीत. त्यासाठी कुठल्याही परिषदेचा ठराव लागला नाही.

गैरसमज: बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर जात वाहून गेली

हा आतल्यांचा आवडता गैरसमज. सरकारच्या १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशातही तोच डोकावतो. त्या आदेशाने हिंदूंपुरताच दर्जा ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. कागद म्हणतो, ख्रिस्ती झालात म्हणजे अस्पृश्यता संपली. गावच्या विहिरीने कागद वाचलेला नसतो.

पण दोष फक्त सरकारच्या माथी मारून चालणार नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचं धोरण जाहीर केलं आणि चर्चच्या आतच भेदभाव चालतो हे त्यात स्वतःहून कबूल केलं. महाराष्ट्रात त्याचं रूप बहुतेकदा सौम्य असतं, पण सोयरीक जुळवताना ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतोच, आणि तो गावाबद्दल नसतो. संस्कृतीशी जुळवून घेण्याची चर्चा करणाऱ्या मंडळीने आधी ठरवावं, की ह्या एका बाबतीत तिला जुळवून घ्यायचं नाही. काही गोष्टींत समाजाच्या मागे जाणं हे जुळवून घेणं नसतं, ती शरणागती असते.

गैरसमज: तरुणांना धरून ठेवायचं तर ड्रमसेट घ्या

घ्या. मंडळीचे पैसे आहेत. पण श्रीरामपूर-राहुरीकडचा मुलगा रविवारी चर्चला येत नाही ह्याचं एक साधं कारण असं, की तो पुण्याजवळ चाकणला शिफ्टमध्ये काम करतो. त्याला शहरात खोली शोधायला, दुसऱ्या धर्माच्या मुलीशी लग्न करायचं म्हटल्यावर घरच्यांशी बोलायला, बेकार असताना चार ओळखी करून द्यायला मंडळी उपयोगी पडली, तर तो ढोलकीवरही गाईल.

गैरसमज: सेवा म्हणजे शाळा, दवाखाना आणि नाताळची ब्लँकेटं

शाळा-दवाखान्यांचं श्रेय कमी करायचं नाही. डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं आणि तीनच वर्षांत तिथे वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं. सांगली-कोल्हापूर-बेळगावचे रोगी आज मिरजेची वाट धरतात, त्या गावाची वैद्यकनगरी म्हणून ओळख तिथून वाढली. अहमदनगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा, पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावला उभारलेलं मुक्तिसदन, तिथला छापखाना आणि हातमाग, हे सगळं ज्या काळात फार थोडे लोक करत होते त्या काळात झालं.

तो काळ आता नाही. सरकारी शाळा आहे, खासगी रुग्णालय आहे, विमा आहे. जी संस्था एकेकाळी जवळपास एकटीच उभी होती तिला आता शेजारच्या दुमजली नर्सिंग होमशी टक्कर द्यावी लागते, आणि मंडळीची सगळी ताकद इमारत सांभाळण्यात, विश्वस्तांच्या निवडणुकीत आणि जमिनीच्या दाव्यांत खर्ची पडते. सेवा बाजूला राहते, मालमत्ता उरते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण मंडळीतल्या कुणालाही विचारा, वार्षिक सभेत सर्वांत जास्त आवाज कशावरून चढतो.

मग दुसरी पद्धत कोणती? जामखेडला बघावं. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य १९७० मध्ये तिथे आलं. वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांना मोठं रुग्णालय काढता आलं असतं. त्यांनी आधी आसपासच्या गावांना विचारलं, तुम्हाला काय हवं? गावं म्हणाली, अन्न आणि पाणी. औषध यादीत खाली होतं. मग पहिलं काम विंधन विहिरींचं झालं, आणि त्या घेताना दलित वस्तीत पाणी लागेल अशा जागा मुद्दाम शोधल्या गेल्या. हातपंप तिथे बसल्यावर वरच्या आळीला पाण्यासाठी त्या वस्तीत यावं लागलं. ह्या एका हातपंपाने जे केलं ते पन्नास प्रवचनांनी झालं नसतं.

पुढे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण, क्षय, कुष्ठरोग ह्यांची प्राथमिक देखभाल त्या करू लागल्या. आधी डॉक्टरांनाच शंका होती की हे जमेल का. जमलं. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या सहभागातून चालणाऱ्या आरोग्यकामांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेडचं प्रकरण आहे, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ब्लँकेट देणाऱ्याला ठाऊक असतं की समोरच्याला काय हवं. आरोळ्यांनी ते ठाऊक असल्याचा आव आणला नाही, फरक एवढाच.

गैरसमज: आम्ही मूठभर, आमच्याने काय होणार

जामखेडला ते दोघंच आले होते. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आणखी एक उदाहरण आहे. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि नगरच्या अवर्षणग्रस्त भागात शेतकऱ्यांबरोबर राहिले. विहिरी खणून, पंप बसवून झाले, तरी दुष्काळात पाणी आटतच होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्रश्न विहिरीचा नाही, डोंगरमाथ्याचा आहे. तिथून पाणलोट विकासाचं काम उभं राहिलं. १९९० च्या दशकात जर्मन मदत आणि नाबार्ड यांच्याबरोबर ते महाराष्ट्रभर पसरलं, आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही पाणलोट विकासाची संस्था सुरू झाली. गावाला पैसे मिळायचे ते अटींवर: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. प्रत्येक शेताचा आराखडा त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या बायकोला बरोबर घेऊन व्हायचा. ह्या गावांत ख्रिस्ती घरं किती होती, हा प्रश्न कुठल्याच अटीत नव्हता.

संख्येचं रडगाणं गाणाऱ्यांनी आणखी एक तारीख लक्षात ठेवावी. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस आपापली नावं सोडून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया म्हणून एक झाली. त्यांचे बाप्तिस्म्याचे विधी वेगळे होते, बिशप असावेत की नसावेत ह्यावर मतं वेगळी होती. वाटाघाटींना कित्येक वर्षं लागली, पण झालं. आज एकाच तालुक्याच्या गावात चार मंडळ्या, चार पाळक, चार नाताळचे मांडव असतात, आणि प्रत्येक मंडळी म्हणते आम्ही थोडे आहोत.

गैरसमज: ख्रिस्ती माणूस सेवा करतो म्हणजे धर्मांतराचा गळ टाकतो

हा बाहेरच्यांचा सगळ्यांत ठाम समज आहे, आणि तो नुसता ‘खोटं आहे’ म्हणून झटकता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत नगरकडे मोठ्या संख्येने लोक ख्रिस्ती झाले, आणि पोटासाठी की विश्वासासाठी हा वाद तेव्हाही झाला, मिशनऱ्यांच्या आपापसातही झाला. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन ही मुलींची शाळा काढली तेव्हा तिथे धर्माच्या बाबतीत कुणावर दबाव येणार नाही असं ठरलं होतं. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, गदारोळ झाला, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूती असलेल्या माणसांनीही सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी माझं दार बंद करून प्रार्थना का करू? रानड्यांचं म्हणणं होतं, पालकांना दिलेला शब्द पाळला पाहिजे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याबद्दल त्यांनी मोकळेपणाने चांगलं लिहिलं, ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. मुंबईचं विल्सन कॉलेज, झेवियर्स, मिरजेचं रुग्णालय ह्यांतून दीडदोनशे वर्षांत किती लाख माणसं शिकून किंवा बरी होऊन गेली असतील! आणि राज्यात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत. गळ असता तर तो फार वाईट गळ म्हणावा लागेल.

कायदाही पुरेसा स्पष्ट आहे. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. सांगायला मोकळीक आहे, ओढून न्यायला नाही. ज्या मंडळीला बाहेर पडून काम करायचं आहे तिने ही रेघ कायद्याच्या भीतीने नव्हे, स्वतःच्या इभ्रतीसाठी पाळावी. मदतीच्या पिशवीत पत्रक घातलं, की पिशवीचीही किंमत जाते आणि पत्रकाचीही. ज्याला विचारायचं आहे तो स्वतःहून विचारतो.

गैरसमज: चर्चने प्रार्थना करावी, सार्वजनिक भानगडीत पडू नये

वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर केळीच्या, फुलांच्या आणि पानवेलींच्या वाड्यांवर पडली. विकास आराखड्यात हिरवे पट्टे इमारतींसाठी खुले होऊ लागले, विहिरींचं पाणी टँकरने मुंबईच्या उपनगरांकडे जाऊ लागलं, आणि विरोधात बोलणाऱ्याचं काय होतं हे तालुक्याला माहीत होतं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. १९८३ पासून २००७ पर्यंत त्यांनी ते चालवलं. हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली त्यांनी लोकांना रस्त्यावर आणलं. त्या मोर्चांत ख्रिस्ती होते, आगरी होते, वाडवळ होते, आदिवासी होते. झोळी अडकवलेला धर्मगुरू पुढे, आणि मागणी पाण्याची आणि जमिनीची. पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढलं २०१५ मध्ये. वसईच्या ख्रिस्ती शेतकऱ्याने तो धडा पंचवीसएक वर्षं आधीच गिरवला होता.

सगळं जिंकलं का? नाही. वसई-विरारकडे आज लोकलमधून पाहिलं तर उत्तर दिसतं. पण वसईच्या पश्चिम पट्ट्यात जे हिरवं उरलं आहे त्यात त्या लढ्याचा वाटा आहे. आणखी एक गोष्ट झाली. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून दिब्रिटो उभे राहिले. त्या पदावरचे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला धर्माच्या नावाने विरोध झाला, धमक्याही आल्या. पण पाण्यासाठी, मराठीसाठी, शेजाऱ्यासाठी तीसेक वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला ‘बाहेरचा’ म्हणणं अवघड गेलं, आणि महाराष्ट्राने ते म्हटलं नाही. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा वसईत सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्या अंत्यदर्शनाला आली.

इथे भाषेचा मुद्दाही येतो, तो थोडक्यात. शहरातल्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, आणि मराठी मिस्साला किंवा मराठी उपासनेला पांढरे केस जास्त दिसतात. इंग्रजी शिकणं गैर नाही. पण ज्या गावाच्या पाण्याबद्दल, रस्त्याबद्दल, शाळेबद्दल बोलायचं, त्या ग्रामसभेत इंग्रजी चालत नाही. मराठी सोडलेल्या मंडळीला बाहेर सेवा करायची असेल तर ती दुभाष्यामार्फत करावी लागेल.

जाता जाता एक विनंती. यंदाच्या वार्षिक सभेत खजिनदार हिशेबाची वही उघडतील, तेव्हा त्यांना खर्चाचे दोन रकाने करायला सांगा: भिंतीच्या आत किती गेले आणि भिंतीच्या बाहेर किती. पाळकाचा पगार, रंगरंगोटी, वकिलाची फी, ध्वनिक्षेपक, संमेलनाचं जेवण एका रकान्यात. ज्यांचा मंडळीशी काहीही संबंध नाही अशांवर झालेला खर्च दुसऱ्यात, आणि तो खर्च कशावर व्हावा हे त्यांना विचारून ठरलं असेल तरच. दुसरा रकाना रिकामा असेल तर तो तसाच मोठ्याने वाचून दाखवा, आणि पुढच्या वर्षासाठी त्यात एक तरी आकडा लिहूनच सभा संपवा.